खोलीत तिसरी व्यक्तीही असते: दुभाष्यांना संसर्गनियंत्रण कसं शिकवायचं?

मधला आवाज (सकाळी ९:१२)

नमस्कार मंडळी,

मी चौदा वर्षं रुग्णालयांतून दुभाषी म्हणून काम करते आहे आणि गेली सहा वर्षं नव्या दुभाष्यांना शिकवतेही आहे. पुढच्या तुकडीसाठी ‘संसर्गनियंत्रण आणि स्वतःची सुरक्षितता’ हा भाग मुळापासून नव्याने बांधायला घेतलाय, म्हणून हा धागा.

आजवर आम्ही काय करत होतो, तर परिचारिकांच्या प्रशिक्षणातल्या स्लाइड घ्यायच्या, इंजेक्शन-सलाइनचा भाग गाळायचा आणि उरलेलं दीड तासात उरकायचं. शेवटी वीस प्रश्नांची चाचणी. सगळे पास. मागच्या तुकडीतल्या एका मुलीला तर पैकीच्या पैकी गुण होते. तिसऱ्याच दिवशी ती विलगीकरणाच्या खोलीत गेली. गाऊन, हातमोजे, सगळं नीट घातलं. बाहेर येताना सगळं नीट उतरवलं, हात धुतले, आणि मग बाजूला ठेवलेली वही उचलून पर्समध्ये टाकली. ही तीच वही, जी आत रुग्णाच्या पलंगावर टेकवून तिने नोंदी घेतल्या होत्या. तासाभराने ती दुसऱ्या वॉर्डात एका बाळंतिणीच्या उशाशी उघडली गेली.

त्या मुलीला मी दोष देत नाही. आमच्या एकाही स्लाइडमध्ये वही नव्हती, कारण परिचारिका अशी वही घेऊन आत जात नाही. दुभाष्याचं मात्र वहीशिवाय पान हलत नाही.

तेव्हापासून मी या सगळ्याकडे नीट बघायला लागले. परिचारिका बहुतेक वेळा सगळी पाळी एकाच वॉर्डात काढते. दुभाषा सकाळी प्रसूतिकक्षात, दुपारी क्षयरोगाच्या बाह्यरुग्ण विभागात आणि चार वाजता केमोथेरपीने पांढऱ्या पेशी घसरलेल्या माणसासमोर. एका दिवसात इतके वॉर्ड फिरणारी माणसं रुग्णालयात फार थोडी. १८४७ साली व्हिएन्नात इग्नाझ सेमेलवाइस यांना बाळंतज्वराचं मूळ सापडलं ते अशाच फिरत्या हातांत. शवविच्छेदन करून निघालेले डॉक्टर आणि विद्यार्थी त्याच हातांनी प्रसूतिकक्षात जात होते. त्यांनी क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि मृत्यू झपाट्याने उतरले. वर्गात मी हे सांगते तेव्हा मुलं विचारतात, “पण ताई, आपण कुठे रुग्णाला हात लावतो?” माझी खरी अडचण तिथून सुरू होते.

दुभाषा जिथे उभा असतो, तिथून हा विषय शिकवायला हवा असं माझं म्हणणं आहे. त्याच्या हातात काय असतं? दुसऱ्याचे शब्द बोलण्यात तोंड गुंतलेलं असताना त्याला स्वतःसाठी काही म्हणायचं असेल तर तो कधी म्हणणार?

तुम्हाला पहिल्या वर्षी काय कुणीच सांगितलं नव्हतं? दुभाषे, परिचारिका, सगळ्यांनीच लिहा.

---

वॉर्डातली ताई (सकाळी १०:०५)

मी संसर्गनियंत्रण परिचारिका. तुमच्या मुलांच्या त्या प्रश्नाला माझ्याकडे सरळ उत्तर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शिकेत हात स्वच्छ करण्याचे पाच क्षण दिले आहेत: रुग्णाला स्पर्श करण्याआधी, निर्जंतुक कामाआधी, रक्त किंवा शरीरद्रवांशी संपर्काची शक्यता आल्यानंतर, रुग्णाला स्पर्श केल्यानंतर आणि रुग्णाच्या आसपासच्या वस्तूंना स्पर्श केल्यानंतर. दुभाष्याचा क्षण हा पाचवा. पडदा, पलंगाचा कठडा, खुर्चीची पाठ, जेवणाचं सरकतं टेबल, दाराची मूठ.

मी एकदा ठरवून वीस मिनिटं एका अनुभवी दुभाष्याच्या फक्त हातांकडे बघत बसले होते. रुग्णाला त्याने बोटही लावलं नाही. पण पडदा सरकवला, कठड्यावर हात टेकला, पेन रुग्णाला सहीसाठी दिलं आणि परत घेतलं, स्वतःचा मास्क दोनदा वर ओढला, फोन खिशातून काढून वेळ बघितली. नंतर मी त्याला हे सांगितलं तर त्याला यातलं काहीही आठवेना. आठवणार कसं, सगळं लक्ष बोलण्यात होतं. म्हणून नियम पाठ करून घेण्याचा फारसा उपयोग नाही, हाताला सवय लावावी लागते.

वर्गात चमकणारं जेल वापरा, अतिनील दिव्याखाली दिसणारं. थोडंसं खुर्चीच्या पाठीवर आणि पेनला आधीच लावून ठेवायचं, कुणाला सांगायचं नाही, आणि अर्धा तास दुभाषेगिरीचा सराव करून घ्यायचा. मग दिवे घालवून अतिनील दिवा लावायचा. गालांवर, वहीवर, फोनवर, चष्म्यावर जे उजळतं ते पाहिल्यावर “आपण कुठे हात लावतो” हा प्रश्न पुन्हा येत नाही.

आणखी एक. बरेच दुभाषे सॅनिटायझरची बाटली पर्सला लटकवून निश्चिंत असतात. अल्कोहोलचं हातांचं द्रव २० ते ३० सेकंद चोळलं तर बहुतेक ठिकाणी पुरतं. पण क्लॉस्ट्रिडिओइड्स डिफिसिल नावाचा जुलाबाचा जिवाणू बीजाणू करतो आणि ते अल्कोहोलने मरत नाहीत. तिथे साबण आणि पाणीच, ४० ते ६० सेकंद. नोरोव्हायरसलाही साबण-पाणी बरं. दारावर “साबणाने हात धुवा” अशी पाटी असेल तर ती उगाच लावलेली नसते.

---

नवखी (सकाळी १०:४०)

मी नुकतीच या कामात आलेय. माझा प्रश्न कदाचित बाळबोध असेल. खोलीबाहेर विलगीकरणाची पाटी दिसली की मी गोंधळते. रुग्णाला काय झालंय हे विचारायचा मला हक्क आहे का? आम्हाला गोपनीयतेवर इतकं सांगितलंय की आजाराचं नाव विचारणं म्हणजे चोंबडेपणा वाटतो. न विचारता आत गेले तर मनात धाकधूक, आणि मग भाषांतरात चुका होतात.

---

मधला आवाज (सकाळी ११:२०)

बाळबोध कसला, मला तर हा विषयातला पहिला धडा असावा असं वाटतं.

आजाराचं नाव कळायलाच हवं असं नाही. खबरदारी कुठली घ्यायची ते कळायलाच हवं. प्रश्न असा विचार: “या खोलीत मी काय घालायचंय आणि कुठे उभं राहायचंय?” कुठलीही परिचारिका याचं उत्तर देईल आणि कुणाची गोपनीयता मोडत नाही. बाहेर, आत पाऊल टाकण्याआधी विचारायचं. आत गेल्यावर रुग्णासमोर विचारलं तर त्याला अपमान वाटतो.

पाट्यांचं म्हणशील तर सगळ्या रुग्णांसाठी सरसकट एक पायरी असते, तिला प्रमाणित खबरदारी म्हणतात. तिच्यावर, जंतू कसा पसरतो त्यावरून, आणखी तीन. स्पर्शातून पसरणाऱ्यासाठी गाऊन आणि हातमोजे. फ्लूसारख्या थेंबांतून पसरणाऱ्यासाठी सर्जिकल मास्क. आणि क्षय, गोवर, कांजिण्या यांसारख्या हवेतून पसरणाऱ्यांसाठी हवेचा दाब कमी ठेवलेली खोली आणि एन-९५. कांजिण्यांना स्पर्शाचीही खबरदारी जोडलेली असते. गोवराचा विषाणू रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत टिकू शकतो. म्हणजे “रुग्ण तपासणीला गेलाय, तुम्ही आत बसा” असं कुणी म्हटलं तरी आत बसायचं नाही. आणि गोवराची प्रतिकारशक्ती नसलेली दहा माणसं जवळ आली तर साधारण नऊ जणांना तो होतो. आपले लसींचे कागद काढून बघ. गोवराच्या दोन मात्रा, कांजिण्या, हेपॅटायटिस बी, दरवर्षी फ्लूची, धनुर्वात-घटसर्प-डांग्या खोकल्याची. कागद सापडत नसतील तर रक्ततपासणीतून बऱ्याच गोष्टी कळतात.

गरोदर असशील किंवा तशी शक्यता असेल तर नेमणूक देणाऱ्याला आधीच सांग. कांजिण्या, रुबेला, पार्व्होव्हायरस असलेल्या खोल्या टाळता येतात.

---

हातांची भाषा (दुपारी १२:३५)

सांकेतिक भाषेच्या दुभाष्यांकडे या प्रशिक्षणात कुणाचं लक्षच जात नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमचं निम्मं व्याकरण चेहऱ्यावर असतं. प्रश्न आहे की विधान, हे भुवयांवरून कळतं. ओठांच्या हालचालीने एका संकेताचे दोन वेगळे अर्थ होतात. मास्क चढवला की वाक्याचा अर्धा भाग झाकला जातो. पारदर्शक खिडकीचे मास्क मिळतात, पण हवेतून पसरणाऱ्या आजाराच्या खोलीत ते एन-९५ची जागा घेऊ शकत नाहीत. तिथे मी काचेबाहेर उभी राहते किंवा व्हिडिओवरून काम करते. चेहरा उघडा राहतो आणि बहिऱ्या माणसाला पूर्ण वाक्य मिळतं.

दुसरी गोष्ट मला स्वतःला तीन वर्षांनी लक्षात आली. कितीतरी संकेत चेहऱ्यावर होतात: कपाळाला, हनुवटीला, गालाला बोट लावून. हातमोजे घालून, पलंगाचा कठडा धरून झाल्यावर, मी व्याकरण म्हणून स्वतःच्या तोंडाला हात लावत होते! वॉर्डातली ताई म्हणतात तशी ही हाताची सवयच, फक्त आमची सवय म्हणजेच भाषा. आता मी विलगीकरणात असे संकेत चेहऱ्यापासून चार बोटं दूर हवेत करते आणि समोरच्याला सुरुवातीलाच सांगते की आज माझे संकेत थोडे वेगळे दिसतील. याला सराव लागतो, आयत्या वेळी जमत नाही.

दृष्टी आणि श्रवण दोन्ही नसलेल्यांसाठी काम करताना तर त्यांचे हात आमच्या हातांवर असतात. तिथे दोघांचेही हात आधी आणि नंतर स्वच्छ व्हायला हवेत, आणि ते का, हे त्यांना त्यांच्या भाषेत सांगायला हवं. नाहीतर अचानक हात सोडून निघून गेलेली दुभाषी त्यांना काय वाटेल!

हातमोजे आपल्या मापाचे मागून घ्या. ढिल्या हातमोज्यात बोटांनी लिहिलेली अक्षरं वाचता येत नाहीत.

---

स्पष्ट बोलतो (दुपारी १:१५)

मला मूळ भूमिकाच पटत नाही. फोन आणि व्हिडिओ असताना दुभाष्याला संसर्गाच्या खोलीत पाठवायचंच कशाला? एन-९५ घालून बोललेलं रुग्णाला नीट ऐकू येत नाही, दुभाषा दमतो, मास्क-गाऊन खर्ची पडतात आणि धोका उरतोच. प्रशिक्षणाचा पहिला धडा “आत जायचंच नाही” असा का नसावा?

---

मधला आवाज (दुपारी २:००)

तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि आमच्याकडेही नेहमीच्या फेऱ्यांसाठी व्हिडिओच वापरतात. पण मरणाच्या दारात असलेल्या माणसाला, ऐकू कमी येणाऱ्या आजोबांना, भ्रमात असलेल्या रुग्णाला, लहान मुलाला पडद्यावरचा चेहरा बहुतेक वेळा पुरत नाही. एकदा फोनवरून बोलताना मला फक्त यंत्राचा आवाज ऐकू येत होता. बाईंनी मान हलवून “नाही” म्हटलं होतं, ते मला दिसलं नाही आणि डॉक्टरांना वाटलं त्या गप्प आहेत. तेव्हापासून मी “जायचंच नाही” असं शिकवत नाही. आत जाणं गरजेचं आहे का, हा प्रश्न विचारायला शिकवते. आणि जी खोली आपल्याला झेपणार नाही, जिथे पुरेसं संरक्षण दिलेलं नाही, तिथे नाही म्हणायचा हक्क आहे हेही शिकवते. मात्र तो नकार बाहेर, वेळेवर आणि पर्याय सुचवून द्यायचा. रुग्णाला दुभाष्याशिवाय सोडून निघून जायचं नाही.

मास्कमधून बोलण्याबद्दल तुम्ही म्हणता ते अगदी खरं आहे. मी वर्गात एन-९५ घालून वीस मिनिटं बोलायला लावते, मागे यंत्रांचा आवाज लावून. छोटी वाक्यं, सावकाश लय, आणि आकडे दोनदा. ‘तेरा’ आणि ‘तेवीस’ मास्कमधून सारखेच ऐकू येतात. गोळ्यांचा डोस सांगताना हे जिवावर बेतू शकतं.

---

स्पष्ट बोलतो (दुपारी २:२०)

आकड्यांचा मुद्दा मान्य. भ्रमातल्या रुग्णाचाही. बाकी माझं मत कायम आहे.

---

पाऊलवाट (दुपारी ३:१०)

मी स्वतंत्रपणे काम करतो, तीन-चार ठिकाणी. माझ्या बाबतीत घडलेलं लिहितो.

एका रुग्णालयात मी एका खोकणाऱ्या बाईंसाठी सलग चार दिवस दुभाषा होतो. पाटी नव्हती, मास्क कुणीच घातला नव्हता. नंतर त्यांना फुप्फुसाचा क्षय निघाला. तिथल्या डॉक्टर, परिचारिका, सफाई कामगार, सगळ्यांची यादी होऊन तपासण्या झाल्या. मला हे कळलं दीड महिन्याने, तेही त्याच वॉर्डातल्या एकीने सहज बोलता बोलता “तुमची टेस्ट काय आली?” असं विचारलं म्हणून. यादी हजेरीपटावरून केली होती आणि मी कुणाच्याच हजेरीपटावर नव्हतो. पाठवणाऱ्या एजन्सीला रुग्णालयाने कळवलं नाही, रुग्णालयाला माझं नाव माहीत नव्हतं. घरी तेव्हा माझी आठ महिन्यांची मुलगी होती. ते दिवस कसे काढले ते मलाच ठाऊक.

तपासणी निगेटिव्ह आली. पण मी आधी कधी चाचणीच केली नव्हती, त्यामुळे पॉझिटिव्ह आली असती तर ती जुनी की नवी हेही सांगता आलं नसतं.

खोलीतले सगळे शब्द माझ्या तोंडून गेले होते आणि खोलीत कोण होतं या यादीत मी नव्हतो. कृपया हे शिकवा.

---

वॉर्डातली ताई (दुपारी ३:४५)

पाऊलवाट, वाचून फार वाईट वाटलं. आणि हे एकाच ठिकाणचं नाही. आम्ही संपर्क शोधतो तेव्हा हजेरीपट आणि रुग्णाच्या नोंदी बघतो. दुभाष्याचं नाव रुग्णाच्या नोंदीत लिहिलेलं असेल तरच तो सापडतो. म्हणून प्रत्येक भेटीनंतर डॉक्टर किंवा परिचारिकेला “दुभाषा म्हणून माझं नाव आणि ओळखक्रमांक नोंदवा” असं सांगायची सवय लावा. भाषांतर कुणी केलं हे नोंदीत असणं एरवीही योग्यच आहे, संमतीपत्राच्या वेळी तर हवंच.

स्वतःकडेही एक डायरी ठेवा. तारीख, वेळ, इमारत, वॉर्ड, खोली, किती वेळ होतात, काय घातलं होतं. रुग्णाचं नाव, आजार, काहीही लिहू नका. एवढ्यावरून तुम्हाला पुढे माग काढता येतो आणि गोपनीयता शाबूत राहते.

कामाला लागण्याआधी क्षयाची एक प्राथमिक तपासणी करून घ्या, त्वचेची किंवा रक्ताची. संपर्क आला तर लगेच एक, आणि ती निगेटिव्ह असेल तर शेवटच्या संपर्कानंतर ८ ते १० आठवड्यांनी पुन्हा. लागण चाचणीत दिसायला तेवढा वेळ लागतो, त्यामुळे पहिल्या निगेटिव्हवर विसंबू नका. आणि चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणजे तुम्ही दुसऱ्याला क्षय देताय असं नाही. सुप्त क्षय पसरत नाही आणि त्यावर औषधं आहेत.

एन-९५बद्दल: नुसता तोंडावर चढवून चालत नाही. आधी कुठला आकार बसतो याची चाचणी होते, आणि मग प्रत्येक वेळी घातल्यावर दोन्ही हात ठेवून कडेने हवा येते का ते बघायचं. दाढी असेल तर कडा चिकटत नाहीत, दाढीवाल्यांसाठी वेगळी साधनं लागतात. उतरवताना बहुतेकांची गडबड होते. हातमोजे आधी, मग चष्मा, मग गाऊन, आणि एन-९५ खोलीबाहेर येऊन दार लावल्यावर सगळ्यात शेवटी. मग हात. मधेच हाताला काही लागलं असं वाटलं तर तिथेच थांबून हात स्वच्छ करायचे आणि मग पुढे. वर्गात हातमोज्यांना रंग लावून उतरवायला सांगा, मनगटावर किती डाग पडतात ते मोजा.

---

रात्रपाळी (सायंकाळी ५:३०)

संसर्गाबद्दल खूप छान लिहिलंय सगळ्यांनी. सुरक्षिततेच्या दुसऱ्या बाजूकडे वळते. मी तातडीच्या विभागात आणि मनोरुग्ण विभागात काम करते.

आपल्याला शिकवतात की रुग्णाच्या बाजूला, किंचित मागे उभं राहा, म्हणजे डॉक्टर आणि रुग्ण एकमेकांकडे बघून बोलतील. सर्वसाधारण खोलीत हे उत्तम. पण संतापलेल्या किंवा भ्रमातल्या माणसाच्या किंचित मागे उभं राहिलं की त्याला वाटतं कुणीतरी पाठीमागून कुजबुजतंय. तिथे मी समोरून दिसेन अशी, हाताच्या टप्प्याबाहेर, दाराच्या बाजूला उभी राहते. दार अडवायचं नाही. आपल्यालाही बाहेर पडता आलं पाहिजे आणि त्यालाही. गळ्यातली ओळखपत्राची दोरी ओढल्यावर सुटणारी हवी. लोंबते कानातले, ओढणी, मोकळे केस नकोत. हेच नियम संसर्गालाही लागू पडतात.

आता जे कुणी बोलत नाही ते. आपण प्रथमपुरुषी बोलतो. डॉक्टर म्हणतात, “तुम्हाला घरी सोडणार नाही”, तर आपणही तसंच म्हणतो. रुग्णाच्या कानावर ते वाक्य त्याच्या भाषेत माझ्या तोंडून पडतं. डॉक्टरांचा त्याला फक्त आवाज ऐकू येतो, अर्थ माझ्याकडून येतो. राग निघतो माझ्यावर. एकदा एका मोठ्या मुलाला त्याचे वडील गेल्याची बातमी माझ्या तोंडून कळली आणि त्याने मला ढकललं. तो वाईट माणूस नव्हता. अशा वेळी “डॉक्टर म्हणत आहेत की” असं तृतीयपुरुषी बोलायला हरकत नाही, हे नव्यांना स्पष्ट सांगा. प्रथमपुरुषाचा नियम गोंधळ होऊ नये म्हणून केलाय, त्यातूनच गोंधळ होत असेल तर तो बाजूला ठेवायचा. आणि वाईट बातमीच्या आधी अर्धा मिनिट डॉक्टरांना बाहेर थांबवून विचारायचं, “आत काय सांगणार आहात?” त्यावरून आपली जागा ठरते.

रुग्णासोबत एकटं थांबायचं नाही. डॉक्टर बाहेर गेले की आपणही बाहेर. नव्यांना हे उद्धटपणाचं वाटतं, कारण रुग्ण म्हणतो, “तूच एक माझी भाषा बोलणारी, बस ना.” पण एकांतात तो जे सांगेल त्याचं करायचं काय? “मला आधी क्षय झाला होता, पण यांना सांगू नको.” आता हे कळल्यावर आपण कुठे उभे आहोत? उत्तर एकच, “हे तुम्ही डॉक्टरांना सांगा, मी त्यांना बोलावते.”

घरचा फोन नंबर द्यायचा नाही. रात्री एकटं बाहेर पडायचं असेल तर सुरक्षारक्षकाला सोबत मागायची. घरगुती मारहाणीच्या प्रकरणात नवरा बाहेर वाट बघत असतो आणि आत बायकोने काय सांगितलं ते फक्त आपल्याला माहीत असतं असं त्याला वाटतं. हा धोका खरा आहे.

---

नवखी (सायंकाळी ६:०५)

“तूच एक माझी भाषा बोलणारी” हे मी मागच्याच आठवड्यात ऐकलं आणि अर्धा तास बसून राहिले. खूप शिकायला मिळतंय.

शस्त्रक्रियेच्या वेळी काय? मला पुढच्या आठवड्यात सिझेरियनला बोलावलंय.

---

मधला आवाज (सायंकाळी ६:४०)

बाईंच्या डोक्याशी उभी राहा, भूलतज्ज्ञाच्या बाजूला, तो सांगेल तिथे. निर्जंतुक कापडापासून निदान ३० सेंटिमीटर लांब. पडद्यावरून वाकून बघायचं नाही, हात पोटाशी ठेवायचे. काही खाऊन जा आणि गुडघे ताठ धरून उभी राहू नकोस. डोळ्यांपुढे अंधारी आली तर लाज न बाळगता तिथेच भिंतीला टेकून खाली बस. उभं राहण्याचा हट्ट धरून टेबलाच्या दिशेने कोसळण्यापेक्षा ते शंभर पटींनी बरं.

पुढे एमआरआयला गेलीस तर लक्षात ठेव, तो चुंबक यंत्र बंद दिसत असतानाही चालूच असतो. पेन, पिना, फोन, श्रवणयंत्र सगळं बाहेर आणि रुग्णाइतकाच आपलाही फॉर्म भरायचा. रुग्ण पडायला लागला तर झेलायला धावायचं नाही, हाक मारायची. त्याला उठवायला, वळवायला मदत मागतील, तेव्हा नम्रपणे नाही म्हणायचं, आपल्याला ते शिकवलेलं नाही.

---

शब्दसाठा (रात्री ८:१०)

एक भाषेचा मुद्दा. संसर्गनियंत्रण शिकवताना त्याचे शब्दही शिकवा, कारण हेच शब्द दुभाष्याला रुग्णासाठी बोलायचे आहेत. “तपासणी निगेटिव्ह आली” हे ऐकून रडणारे नातेवाईक मी पाहिलेत, निगेटिव्ह म्हणजे वाईट असं समजून. ‘संपर्क आला’ आणि ‘लागण झाली’ यांत फरक आहे. आजारी माणसाला वेगळं ठेवणं म्हणजे विलगीकरण, आणि संपर्कात आलेल्या पण अजून आजारी नसलेल्याला वेगळं ठेवणं म्हणजे क्वारंटाइन. तो शब्द आला इटालियनमधल्या चाळीस दिवसांवरून, जहाजं बंदराबाहेर थांबवत त्यावरून. अंगावर किंवा नाकात जंतू असणं आणि त्या जंतूने आजार होणं या दोन गोष्टी. औषधांना न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकसबद्दल डॉक्टर पहिली गोष्ट सांगतात आणि भाषांतरात दुसरी जाते. आणि गाऊन-मास्क चढवून आपण आत शिरतो तेव्हा रुग्णाला वाटतं की माझी किळस येते. त्याला डॉक्टरांकडून कारण सांगवून घ्या आणि नीट पोहोचवा.

---

नवखी (रात्री ८:५०)

एक शेवटचं. सुई टोचली तर? भाषांतर अर्धवट टाकून जायचं?

---

वॉर्डातली ताई (रात्री ९:१५)

हो, टाकून जायचं. लगेच.

जखम साबण-पाण्याने धुवायची. पिळायची नाही, चोखायची नाही, ब्लीच लावायचं नाही. डोळ्यात रक्त उडालं तर स्वच्छ पाण्याने भरपूर धुवायचं. मग तिथल्या प्रमुखाला सांगून तातडीने डॉक्टरांकडे. एचआयव्हीबाधित रक्ताच्या सुईने लागण होण्याचा धोका साधारण ०.३ टक्के, म्हणजे तीनशेत एक. हेपॅटायटिस बीची लस न घेतलेल्याला तो धोका ६ ते ३० टक्के, म्हणून आधी लस. एचआयव्ही टाळण्याची औषधं काही तासांत सुरू झाली तर उत्तम, ७२ तासांच्या आतच सुरू व्हावी लागतात आणि २८ दिवस घ्यायची असतात. “आधी हे संमतीपत्र पूर्ण करते, मग बघू” असं करून दुभाष्यांनी तीन-तीन तास घालवलेले मी पाहिलेत. स्वतंत्रपणे काम करणाऱ्यांनी हा खर्च कोण देणार, कुठे जायचं, हे करार करतानाच लेखी घ्यावं.

---

मधला आवाज (रात्री १०:०५)

सगळ्यांचे मनापासून आभार. माझा आराखडा या धाग्यामुळे पार बदलला. दीड तासाचं व्याख्यान गेलं, आता तीन सकाळी. पहिली हात, वही आणि कपड्यांची. दुसरी दार, जागा आणि नकाराची. तिसरी पूर्ण नाटुकल्यांची. वहीचंही ठरलं: विलगीकरणात वही न्यायचीच नाही, सुटे कोरे कागद आणि तिथलंच पेन. काम संपल्यावर कागद परिचारिकेच्या ताब्यात, गोपनीय कागद नष्ट करतात तसे नष्ट करायला. पाऊलवाट, डायरीचं पान प्रत्येकाला पहिल्याच दिवशी देणार आहे.

वर्गात “माफ करा, मी आता दुभाषी म्हणून माझ्याबद्दल बोलते आहे” हे वाक्य दोन्ही भाषांत मोठ्याने शंभर वेळा म्हणून घेणार आहे. आपण दिवसभर दुसऱ्यांचं बोलतो, स्वतःचं वाक्य घशातच अडकतं. आणि ते दोन्ही बाजूंना कळेल असं म्हणायचं, म्हणजे रुग्णाला वाटू नये की त्याच्या मागे काही शिजतंय.

एक नाटुकलं लिहिलंय, बघा कसं वाटतं:

डॉक्टर वेगाने उपचारांचे धोके सांगताहेत. रुग्ण मधेच खोकतो आणि त्याचा मास्क हनुवटीवर घसरतो. दुभाष्याला एक पूर्ण वाक्य डोक्यात धरून ठेवायचंय. त्याच वेळी परिचारिकेच्या ट्रेमधून सुई सरकून दुभाष्याच्या पावलापाशी पडते. परिचारिकेच्या ते लक्षात आलेलं नाही. डॉक्टर थांबत नाहीत. दुभाष्याने हात वर करून सगळ्यांना थांबवायचं, आपलं वाक्य म्हणायचं, सुई दाखवायची, ती उचलायची नाही, मागे सरकायचं, आणि परिचारिकेने ती उचलल्यावर अर्धवट राहिलेल्या वाक्यापासून पुन्हा सुरू करायचं. दुभाषा झालेल्याला सुई पडणार हे आधी सांगायचं नाही.

---

वॉर्डातली ताई (रात्री १०:३०)

फार चांगलं. फक्त खरी सुई वर्गात आणू नका, रिकामी रिफिल वापरा. आणि जो वाकून ती उचलेल, त्याला पुन्हा एकदा खेळवा.